साथ नसतानाही लिहा

महोदय,
नव्या विषाणूची बातमी आली की आपली चर्चा मृतांचे आकडे आणि ‘लस कधी?’ यांतच संपते. विषाणू पेशीत शिरतो कसा, हे शोधणाऱ्यांच्या वाट्याला चार ओळीही येत नाहीत. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातील कार्तिक चंद्रन यांचेच पाहा. इबोलाला आत घुसायला एनपीसी१ हे प्रथिन लागतेच, हे त्यांनी सहकाऱ्यांसह २०११ मध्ये दाखवले. एरवी हे प्रथिन पेशीत कोलेस्टेरॉलची ने-आण करते. नीमन-पिक सी या दुर्मीळ आजारात ते बिघडलेले असते. अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशींवर प्रयोगशाळेत विषाणू सोडला, तर त्या दाद देईनात! (आजारी पेशीच बचावल्या, काय म्हणावे?) आपल्या पुरवणीत महिन्याकाठी एखादा लेख अशा संशोधनावर यावा, साथ नसतानाही.

– एक वाचक, पुणे