विषय: पाट्या टाकणारी टीम आणि माझं सीझन तिकीट

प्रति,
तिकीट विभाग

नमस्कार. परवा तुमच्याकडून रिन्युअलसाठी फोन आला होता, पोरगा बिचारा गोड बोलत होता म्हणून त्याला काही ऐकवलं नाही, पण मनात आहे ते लिहूनच टाकते.

सहा वर्षं झाली, तुमच्या आइस हॉकी टीमच्या मॅचला माझ्या दोन सीट, वरच्या मजल्यावर, गोलच्या बरोबर मागे. तिथून सगळं रिंक नकाशासारखं दिसतं, कोण जीव तोडून स्केटिंग करतंय आणि कोण नुसतं घसरत चाललंय ते लपत नाही. हरता म्हणून तक्रार नाहीये हो, हरायची सवय आहे आम्हाला.

गेल्या मंगळवारचीच मॅच घ्या. २-२, तिसरा म्हणजे शेवटचा पिरियड, दहा मिनिटं बाकी. आणि दोन्ही टीमनी जसं काही आपसात ठरवूनच टाकलं की आता बास. मधली रेड लाइन ओलांडायची, पक म्हणजे ती रबरी चकती समोरच्या कोपऱ्यात भिरकावायची आणि बेंचकडे वळायचं, तिच्यामागे एकच जण जाणार तोही जेवण झाल्यावर शतपावली घातल्यासारखा. कारण कळतं मला. साठ मिनिटं बरोबरीत काढली की लीगच्या तक्त्यातला एक पॉइंट खिशात, मग ओव्हरटाइममध्ये हरलात तरी तो कोणी काढून घेत नाही. नियम एनएचएलचा, म्हणजे लीगचा आहे, तुमचा नाही, मान्य, पण त्या एका पॉइंटला असं चिकटून बसायचं हे तर तुमचाच कोच ठरवतो ना?

२०१५ ला थ्री-ऑन-थ्री, म्हणजे गोलकीपर सोडून तीन-तीन जणांचा ओव्हरटाइम आला तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहून बघायचे, एवढा मोकळा बर्फ, इकडे ब्रेकअवे, म्हणजे एकटाच सुटून गोलवर, की लगेच तिकडे. त्याचीही वाट लावलीत. त्या दिवशी तुमच्या डिफेन्समनने समोरच्यांच्या हद्दीच्या ब्लू लाइनपर्यंत येऊन पक तीनदा मागे नेला, मोजलं मी, तिसऱ्यांदा तर थेट आपल्या गोलकीपरपाशी. माझ्या शेजारच्या आजी एरवी तोंडातून शब्द काढत नाहीत, त्या उठून ओरडल्या "अरे मार की!" पाच मिनिटं संपली, शूटआउट, म्हणजे एकेकाने गोलकीपरवर मारायचं, हरलो. स्क्रीनवर मात्र "आवाज करा" चालूच. कशासाठी करायचा?

सीझनला ऐंशीच्या वर मॅच, मध्ये प्रवास, लागोपाठ दोन रात्री खेळायचं, दमतात, कबूल. पण हेच लोक प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, शॉटसमोर आडवे पडतात. तिथे शूटआउट नाही, हरणाऱ्याला पॉइंट नाही, गोल होईपर्यंत फाइव्ह-ऑन-फाइव्ह खेळायचं, म्हणजे अंगात आहे, फक्त ऑक्टोबर ते एप्रिल ते दाखवायची गरज वाटत नाही. आणि माझं तिकीट नेमकं त्याच महिन्यांचं आहे, घरच्या मॅचचं.

तेव्हा ऑटो-रिन्युअल बंद करा आणि पुढच्या सीझनचं डिपॉझिट परत द्या. एकेका मॅचचं तिकीट काढेन वाटलं तर. आणि उत्तर म्हणून फ्री टोपीचं कूपन पाठवू नका प्लीज, मागच्या वर्षीच्या दोन तशाच पडल्यात.

तुमची (अजून तरी) सीझन तिकीटवाली