‘कर नाही त्याला डर कशाला?’ असे म्हणणाऱ्या वाचकांना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत हुकूमशाही राजवटींवर आलेला लेख वाचला आणि त्यावर दोन दिवसांनी छापून आलेले एका वाचकांचे पत्रही वाचले. लेखात रणगाडे आहेत, छळछावण्या आहेत, मध्यरात्री दारावर पडणारी थाप आहे. पत्रलेखकांचे म्हणणे असे, की गुन्हेगारांवर जरब बसवायची तर सरकारने नजर ठेवलीच पाहिजे. सरळमार्गी माणसाचे त्यात काय बिघडते? कर नाही त्याला डर कशाला? मी हे पत्र लिहीत आहे ते या एका वाक्यासाठी. म्हण जुनी आहे, लहानपणापासून ऐकलेली आहे, पण एका अख्ख्या देशात ती चाळीस वर्षे खोटी ठरली. त्या देशातल्या टपालाची गोष्ट सांगतो, कारण टपालातले मला कळते.

मी रेल्वे टपाल सेवेत, म्हणजे ज्याला सगळे आरएमएस म्हणतात तिथे, सॉर्टिंगच्या कामावर होतो. मिरजेहून सुटणाऱ्या गाड्यांच्या डब्यात रात्रभर उभे राहून पत्रे खणांत टाकायची, थप्प्या बांधायच्या, थैलीला लाखेचे सील लावायचे. बंद पाकिटाला आमच्यापैकी कोणी हात लावला तर नोकरी जायची. ज्याचा पत्ताच लागत नाही असे पत्रसुद्धा उघडायचा अधिकार फक्त रिटर्न्ड लेटर ऑफिसच्या ठरावीक अधिकाऱ्यांना, आणि तोही परत पाठवण्यासाठी पत्ता शोधण्यापुरता. आमच्या हातून हजारो घरांची सुखदुःखे गेली आणि त्यांतले एक अक्षर आम्हाला माहीत नाही. या गोष्टीचा मला आजही अभिमान आहे.

माझी मुलगी जर्मनीत लाइपझिग शहरात नोकरी करते. हे शहर १९९० पर्यंत साम्यवादी पूर्व जर्मनीत होते. तिथली गुप्त पोलीस यंत्रणा म्हणजे स्टासी. स्टासीच्या लाइपझिगमधल्या कचेरीच्या इमारतीला लोक तेव्हाही ‘रुंडे एके’ म्हणजे गोल कोपरा म्हणत आणि आता तिथे संग्रहालय आहे. मुलीने मला तिथे नेले. वेषांतराच्या खोट्या मिशा, केसांचे टोप, छुपे कॅमेरे, संशयितांचा वास टिपून घेतलेल्या फडक्यांच्या बरण्या असे बरेच काही आहे. बाकीचे लोक त्या बरण्यांपाशी थांबतात. मी थांबलो तो पत्रे उघडण्याच्या आणि पुन्हा चिकटवण्याच्या यंत्रांपाशी.

ही यंत्रे आमच्या सॉर्टिंग ऑफिसातल्यासारख्याच साध्या, मजबूत लोखंडाची आहेत. वाफेने गोंद सैल करायचा, पत्र बाहेर काढायचे, वाचायचे, हवे तर नक्कल घ्यायची, पुन्हा घालून पाकीट असे बंद करायचे की घेणाऱ्याला शंका येऊ नये. हे काम करणाऱ्या विभागाचे नाव होते ‘विभाग एम’. त्याची माणसे मोठ्या टपाल कार्यालयांतच बसत, टपालाचाच एखादा कक्ष असावा अशा थाटात. आधी पाकिटे बाहेरून पाहिली जात: कोणाचे अक्षर, कोणाचा पत्ता, पाकीट जाड आहे का. मग निवडलेली उघडली जात. शेवटच्या काळात देशभरात रोज सुमारे ९०,००० पत्रे उघडली जात असत. पश्चिमेकडच्या नातेवाइकांनी पाकिटात घालून पाठवलेल्या नोटा काढून घेतल्या जात. १९८४ ते १९८९ या काळात अशा तीन कोटींहून अधिक मार्कांची लूट झाली. आणि त्याच देशाच्या १९६८ च्या संविधानातले ३१ वे कलम सांगत होते, की टपालाची गुप्तता अबाधित आहे. माझ्या खात्यातला कोणी हे वाचेल तर त्याला माझ्यासारखाच संताप येईल.

पण पत्रलेखक म्हणतील, ९०,००० उघडली, मग काय झाले? ज्याने काही केले नव्हते त्याला पत्र मिळालेच ना?

मुलीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई राहतात. त्यांची मावशी पश्चिम जर्मनीत होती. मावशीकडून कॉफी, चॉकलेट, मोजे यांचे पार्सल यायचे. त्यावर ‘भेटवस्तू, विक्रीचा माल नाही’ असे लिहावेच लागे. उत्तराचे पत्र या बाईंची आई लिहायची. हवामान, बागेतली बटाट्याची लावण, कोणाला सर्दी झाली, पार्सल मिळाले, आभार. त्यांच्या आईला आपल्या बहिणीला विचारायचे असायचे, की तू आम्हाला भेटायला कधी येशील, आमचा मोठा तुमच्याकडे यायचे म्हणतो त्याला काय सांगू. तिने ते कधीच लिहिले नाही. बाई म्हणाल्या, आमची पत्रे खरेच उघडली जात होती की नाही हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. माझ्या मुलीने त्याचा अर्थ मला सांगितला तेव्हा मी बाईंकडे पाहत राहिलो. स्टासीने त्या घरातले एकही पत्र उघडले नसेल, असेही शक्य आहे. तरी त्या घरातली दोन बहिणींची पत्रे मेलेलीच होती.

यंत्रणेला फायदा होतो तो इथे. रोजची ९०,००० पत्रे उघडायला माणसे लागतात, वाफ लागते, गोंद लागतो, पगार लागतो. उरलेली लाखो पत्रे लोक स्वतःच तपासून, स्वतःच कापून पाठवत होते, आणि त्याचा सरकारला एक पैसाही खर्च नव्हता. यात गुन्हा केलेला आणि न केलेला असा भेदच राहत नाही. उलट ज्याने काही केलेले नाही तोच जास्त घाबरतो, कारण कशाला गुन्हा म्हणतील हे त्याला माहीत नसते.

आणि ज्यांनी मनातले लिहिलेच, त्यांचे काय झाले? बीबीसीच्या जर्मन सेवेवर १९४९ पासून १९७४ पर्यंत एक कार्यक्रम चालायचा. पूर्व जर्मनीतले श्रोते बिनसहीची पत्रे पाठवत आणि ती वाचून दाखवली जात. पत्ता पश्चिम बर्लिनमधला, तोही बदलत राहणारा. लोक रांगांबद्दल लिहीत, शाळेत मुलांना काय शिकवतात त्याबद्दल लिहीत, १९६८ मध्ये प्राग शहरात रणगाडे शिरल्यावर त्याबद्दल लिहीत. स्टासी ते पत्ते शोधून काढी, पत्रे अडवी आणि हस्ताक्षरावरून माणूस हुडकी. ग्राइफ्सवाल्ड गावचा एक शाळकरी मुलगा अशी पत्रे लिहीत होता. १९७० मध्ये, अठरा वर्षांचा असताना, त्याला पकडले आणि दोन वर्षांची शिक्षा दिली. एका रेडिओ केंद्राला पत्र लिहिले म्हणून! आपल्या वृत्तपत्राला रोज येणाऱ्या पत्रांचा गठ्ठा, संपादक महोदय, आपण पाहताच. त्यांतली कितीतरी सरकारला खडे बोल सुनावणारी असतात. ती पोस्टाच्या पेटीत टाकताना कोणाचा हात थरथरत नाही, याची किंमत मला त्या संग्रहालयात कळली.

सत्तरच्या दशकात पूर्व जर्मनीला जगात मान हवा होता. १९७३ मध्ये तो देश संयुक्त राष्ट्रसंघात गेला, १९७५ मध्ये मानवी हक्क जपण्याचे वचन देणाऱ्या हेलसिंकी करारावर त्याने सही केली. आता राजकीय कैद्यांची संख्या वाढणे बरे दिसले नसते. म्हणून भीतीचे रूप बदलले. स्टासीच्या जानेवारी १९७६ च्या १/७६ क्रमांकाच्या निर्देशात माणसाचे खच्चीकरण कसे करावे हे लिहूनच ठेवले आहे: त्याची बदनामी पसरवायची, नोकरीत पद्धतशीर अपयश येईल असे करायचे, मित्रांमध्ये संशय पेरायचा, निनावी पत्रे पाठवायची. अटक नाही, खटला नाही. तक्रार कोणाकडे करणार आणि कशाची? बढती का मिळाली नाही, मुलाला विद्यापीठात प्रवेश का नाकारला, मित्र बोलायचा का थांबला. प्रत्येक गोष्टीला साधे कारणही असू शकते. माणूस स्वतःच्याच डोक्यावर संशय घेऊ लागतो. मला तर हे तुरुंगापेक्षा क्रूर वाटते.

१९८९ मध्ये स्टासीचे पूर्णवेळ नोकर सुमारे ९१,००० होते आणि गुपचूप खबरा देणारे १,७०,००० हून अधिक. देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्याही आत. १९९२ च्या जानेवारीपासून लोकांना आपापल्या फायली वाचायला मिळू लागल्या. मानवी हक्कांसाठी लढलेल्या फेरा लेंग्सफेल्ड यांना समजले, की ‘डोनाल्ड’ या टोपणनावाने आपल्याबद्दल खबर देणारा माणूस म्हणजे आपला नवरा. दोन मुलांचा बाप. हे एवढेच लिहितो, यावर मला काही बोलवत नाही.

ही भीती मोडली कशी, हेही पत्रलेखकांनी जाणून घ्यावे. लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना होत असे. १९८९ च्या शरदात प्रार्थनेनंतर लोक रस्त्यावर येऊ लागले. चार महिन्यांपूर्वी बीजिंगमध्ये विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या होत्या आणि पूर्व जर्मनीच्या संसदेने चिनी सरकारची बाजू घेतली होती, तेव्हा लोकांना काय होऊ शकते याची पूर्ण कल्पना होती. ६ ऑक्टोबरला तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या दैनिकात कामगारांच्या सशस्त्र पथकाच्या प्रमुखाच्या नावाने पत्र छापून आले: समाजवादाचे रक्षण करू, वेळ पडली तर हातात शस्त्र घेऊन. वृत्तपत्रातले वाचकाचे पत्रसुद्धा धमकी देण्यासाठी वापरले गेले. इस्पितळांत रक्ताचा साठा वाढवल्याच्या बातम्या कानोकानी फिरत होत्या.

९ ऑक्टोबरच्या सोमवारी तरीही सुमारे ७०,००० लोक बाहेर पडले. शहराच्या ध्वनिक्षेपकांवरून प्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक कुर्ट मासूर यांच्या आवाजात शांततेचे आवाहन ऐकू येत होते. ‘हिंसा नको’ आणि ‘आम्हीच जनता’ अशा घोषणा देत लोक शहराभोवतीच्या रस्त्याने निघाले, गोल कोपऱ्यावरून, त्याच पत्रे उघडणाऱ्यांच्या दारावरून गेले. गोळी चालली नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई त्या दिवशी नवऱ्याबरोबर गेल्या होत्या. मुले शेजाऱ्यांकडे ठेवली होती आणि परत आलो नाही तर त्यांनी कोणाकडे जायचे हे शेजाऱ्यांना सांगून ठेवले होते. चालताना त्यांना आपल्या कारखान्यातला फोरमन दिसला, मुलाची शिक्षिका दिसली. इतकी वर्षे ज्यांच्यासमोर त्या जपून बोलल्या होत्या, तेच लोक. एकेकट्याला वाटत होते की मनातून अस्वस्थ असा फक्त मीच, आणि रस्त्यावर आल्यावर कळले की सगळेच आतून धुमसत होते. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली. ४ डिसेंबरला लाइपझिगच्या लोकांनी ती कचेरी ताब्यात घेतली.

आपल्याकडचे एक आठवते. १९८६ मध्ये टपाल कायद्यातली दुरुस्ती संसदेने मंजूर केली होती. पत्रे अडवण्या-उघडण्याचे सरकारचे अधिकार त्यात वाढवले होते. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी १९८७ मध्ये कार्यकाळ संपेपर्यंत त्यावर सही केली नाही. आमच्या डब्यात त्या काळी यावर रात्र रात्र चर्चा व्हायची. २०२३ च्या नव्या टपाल कायद्याच्या नवव्या कलमात राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी टपाल अडवण्याचा आणि उघडण्याचा अधिकार आहे. असा अधिकार जुन्या १८९८ च्या कायद्यातही होता, आणि घातपाताचे टपाल थांबवायला तो लागतो, हे मी नाकारत नाही. माझे मागणे इतकेच आहे, की प्रत्येक आदेश लेखी असावा, त्याची मुदत ठरलेली असावी, आणि तो योग्य होता की नाही हे सरकारबाहेरच्या, न्यायाधीशाच्या दर्जाच्या माणसाने तपासावे. फोन आणि मोबाइलवरच्या संदेशांनाही हेच लागू व्हावे, कारण आता लोकांची पत्रे तिकडेच गेली आहेत.

पत्रलेखक वाचकांशी माझे वैर नाही. त्यांना चोर-दरोडेखोरांपासून सुरक्षितता हवी आहे, ती मलाही हवी आहे. त्यांनी या तपासणीच्या मागणीबद्दल आपले मत कळवावे. ते त्यांना मान्य नसेल तर का नाही, हेही लिहावे, आणि संपादकांनी ते जरूर छापावे.

आपला वाचक,
रेल्वे टपाल सेवेतील निवृत्त कर्मचारी,
मिरज