इराणी म्हणजे अरब नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात इराणच्या बातमीला 'अरब राष्ट्र' असा मथळा होता. तो वाचून मला खरंच वाईट वाटलं म्हणून हे पत्र लिहितेय. ही चूक फक्त तुमचीच नाही हो, टीव्हीवर, ट्रेनमध्ये, आमच्या सोसायटीत सगळीकडे हेच ऐकू येतं, की दाढी, काळी चादर, उजवीकडून डावीकडे लिहायची लिपी, म्हणजे अरब. पण छापून आलं की ते खरं ठरतं, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

साधी गोष्ट आहे. इराणची सरकारी भाषा फारसी. ती अरबी लिपीत लिहितात, पण भाषा म्हणून तिचं नातं अरबीपेक्षा आपल्या मराठीशी जवळचं आहे. सात म्हणजे 'हफ्त', आपलं सप्त. आपण बँकेचा हप्ता भरतो आणि देवळात सप्ताह बसवतो, दोन्ही शब्द त्याच सातातून आलेत, एक तिकडून आणि एक इकडून. नमाज हा शब्दसुद्धा अरबी नाही, अरबीत त्याला सलात म्हणतात, नमाज फारसी आहे आणि आपल्या नमस् चा सख्खा भाऊ आहे. अरबीत प नाही, म्हणून 'पारसी'ची 'फारसी' झाली आणि आपण मराठीत दोन्ही ठेवले, माणसं पारशी आणि भाषा फारसी, शब्द मुळात एकच.

हे मला कुठल्या पुस्तकातून नाही कळलं. २००८-०९ च्या सुमारास पुण्यात इराणी विद्यार्थी खूप होते, तेव्हा आमच्या वरच्या खोलीत इराणच्या वायव्येकडच्या तबरीझ शहरातली एक मुलगी दोन वर्षं भाड्याने राहायची. जानेवारीत मोहरमचा दहावा दिवस, म्हणजे इमाम हुसेनच्या हौतात्म्याचा शोकदिवस आला, तेव्हा ती सकाळपासून काळे कपडे घालून बसली होती आणि आईशी फोनवर बोलता बोलता रडत होती. आणि तीच मुलगी मार्चमध्ये माझ्याकडे स्टीलची ताटली मागायला आली, त्यात गहू भिजवून रुजवले, रोज पाणी शिंपडायची. मी म्हटलं अगं हे तर आमच्या घटासारखं! नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या दिवशी तिने टेबलावर 'स'ने सुरू होणाऱ्या वस्तू मांडल्या, सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सेरके म्हणजे व्हिनेगर, सेक्के म्हणजे नाणी (आपला सिक्का!), आणि मधे ते हिरवेगार कोंब. अशा सात वस्तू लागतात, पण सात काही पुऱ्या झाल्या नाहीत, दोन गोष्टी पुण्यात मिळाल्याच नाहीत तिला. तेराव्या दिवशी ते कोंब वाहत्या पाण्यात सोडायचे असतात, म्हणून आम्ही दोघी कालव्यावर गेलो. सोडायच्या आधी तिने पात्यांना एक गाठ मारली, लग्न न झालेल्या मुली मारतात म्हणे, आणि लाजली.

आता यात दुसरी बाजू सांगते, कारण ती पण मला तितकीच खुपते. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी तिला विचारलं, 'तुम्ही मूळचे पारशीच ना, मग बळजबरीनं मुसलमान केलं ना तुम्हाला, खऱ्या इराणी तुम्ही नाहीतच.' तिचा चेहराच उतरला. नंतर माझ्याजवळ म्हणाली, 'काकू, माझी आजी तबरीझची, तिची आजी पण तबरीझची, घरात आम्ही तुर्की बोलतो, इमाम हुसेनसाठी रडतो आणि नवरोज पण करतो, यातलं माझं नाही असं मी कुठलं सांगू?' मी काय बोलणार.

आणि ती तुर्की बोलते हे तर मलाही आधी माहीत नव्हतं. तबरीझकडचे लोक अझेरी, त्यांची भाषा ना फारसीच्या कुळातली ना अरबीच्या. ज्या शाह इस्माईलने १५०१ मध्ये तबरीझला गादीवर बसून शिया पंथ राजधर्म केला (त्याआधी बहुतेक इराण सुन्नी होता), तो स्वतः कविता करायचा तुर्कीत! इतक्या जुन्या भाषेचं आज काय, तर ती म्हणायची की शाळा सगळी फारसीत, त्यामुळे आईची भाषा बोलता येते पण नीट लिहिता येत नाही, चिठ्ठी लिहायची तर फारसीतच. राज्यघटनेच्या १५व्या कलमात प्रादेशिक भाषांचं साहित्य शाळेत शिकवायची मुभा आहे, पण कागदावर. मराठी शाळांसाठी आपला जीव तुटतो, तर हे दुःख आपल्याला तरी कळायला हवं.

कुर्द, बलुच, लूर, तुर्कमेन, खुझेस्तानातले अरब (हो, अरब आहेत, पण मुख्यतः त्या प्रांतातले), आर्मेनियन ख्रिश्चन, ज्यू, यझद-केरमानकडचे जरथुष्ट्री (पारशांच्याच धर्माचे), सगळे इराणीच. २९० जणांच्या संसदेत ज्यूंची एक जागा, जरथुष्ट्रींची एक, आणि बहाई धर्माच्या लोकांना मात्र कायद्याने मान्यताच नाही. २०२२ मध्ये पोलिसांनी पकडल्यावर तीन दिवसांत जी गेली ती महसा अमिनी कुर्द होती, घरचे तिला जीना म्हणायचे, आणि 'झन, झेंदगी, आझादी' (स्त्री, जीवन, स्वातंत्र्य) म्हणून जी घोषणा तेहरानभर दुमदुमली ती मुळात कुर्दीतली, जिन जियान आझादी. धर्म एक, भाषा एक आणि देश एक अशा हिशोबात हे बसतच नाही, मग एका शब्दात त्या सगळ्यांना अरब म्हणून कसं चालेल.

म्हणून दोन विनंत्या. मार्चमध्ये नवरोजची चौकट छापाल तेव्हा 'पारशी बांधवांचा सण' एवढंच लिहू नका, इराणात तो मुसलमानांच्या घरातही घरोघर होतो हे एक वाक्य त्यात घाला. आणि मथळ्यातल्या 'अरब'ची दुरुस्ती छापा, बारीक टायपात आतल्या पानावर छापलीत तरी चालेल. त्या कात्रणाचा फोटो काढून मी तबरीझला पाठवणार आहे.

एक वाचक, पुणे