सही करण्याआधी शेरा

जळगाव,
१४ जुलै

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

तू निघालीस तेव्हा स्टेशनवर मी बोललो नाही, ते मनात ठेवू नकोस. गाडी हलल्यावर हात वर केला होता, तुझं लक्ष नव्हतं. बिबड्यांचा डबा इथेच राहिला. आई रोज आधी डब्याकडे बघते, मग माझ्याकडे.

गॅलरीतली नोकरी का सोडलीस, हे विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसलोय. एकच विचारतो. त्या पुण्याच्या घरातली तीनशेच्या वर चित्रं तू एकटीने सांभाळायला घेतलीस, त्याचं काही लिहून घेतलंस का? आईला फोनवर म्हणालीस, "ओळखीची माणसं आहेत." म्हणून तर विचारतो.

कपाशीच्या गाठींचं प्रकरण तुला अर्धंच माहीत आहे. १९८७चा पावसाळा. रात्री अकराला आमच्या गोदामाला ट्रक लागला, ताडपत्री फाटलेली, खालच्या थराच्या गाठींतून पाणी गळत होतं. वरिष्ठांचा निरोप आला, "उतरवून घ्या, सकाळी बघू." मी पावतीवर सही केली. "माल भिजलेला आला" हा शेरा मारायचा राहिला. सकाळी ते म्हणाले, मी असं काही बोललोच नाही. अकरा महिने पगारातून कापून गेले. आईच्या पाटल्या कुठे गेल्या, हे तू कधी विचारलं नाहीस, आम्हीही सांगितलं नाही. तेव्हा माझ्यामागे निदान युनियन तरी होती. तुझ्यामागे कोण आहे?

बघ, पुन्हा तेच आलं. लहान नाहीस तू, मला माहीत आहे.

गेल्या दिवाळीत मोठ्या आबांचा जुना फोटो तू भिंतीवरून उतरवलास. मला वाटलं पुसायला घेतलास. तू तो पालथा केलास. "आप्पा, आधी मागची बाजू बघायची," म्हणालीस. मग खोलीतला दिवा घालवून बॅटरी अगदी आडवी धरलीस, आणि वर आलेला एकेक पोपडा, कोपऱ्यातली वाळवीची रेघ, सगळं मला दिसायला लागलं. चाळीस वर्षं तो फोटो रोज बघत होतो मी. तू वहीत लिहिलंस: खालचा डावा कोपरा, ओल, दोन इंच. माझ्या गोदामात असं लिहिणारा एक माणूस असता तर! त्या रात्री मी आईला म्हटलं, पोरगी माझ्यापेक्षा चांगली गोदामकीपर झाली. तुला मात्र जेवताना म्हणालो, "ही काय नोकरी आहे?" त्याचं मला फार वाईट वाटतं.

सहावीत असताना तुला अजिंठ्याला नेलं होतं. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोरून तू हलेनास, फर्दापूरची शेवटची एसटी चुकली. परवा भुसावळला गेलो होतो, तेव्हा अजिंठ्याची चित्रं उतरवून घेणाऱ्या गिल नावाच्या इंग्रज साहेबाची आठवण झाली. त्याने जवळपास वीस वर्षं त्या चित्रांच्या नकला केल्या, त्या लंडनला गेल्या, आणि १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. १८७९ साली गेला बिचारा, इथे भुसावळलाच पुरलाय. त्याची मेहनत गेली ती दुसऱ्याच्या भिंतीवर लावलेली असताना. म्हणून त्या घरातली वायरिंग बघितलीस का? पावसाळ्यात भिंतींना ओल येते का? हवेतली ओल मोजायचं तुझं ते यंत्र तिथे ठेवलंस का?

आणि विमा. तूच सांगितलं होतंस, खिळ्यापासून खिळ्यापर्यंत असतो म्हणून. चित्र खिळ्यावरून उतरलं की सुरू, परत खिळ्यावर चढलं की संपला. मला ते फार आवडलं होतं. पण तो कुणाच्या नावाने आहे? प्रदर्शनाला जाताना टेम्पोत काही झालं, तर भरपाई कुणी द्यायची, हे करारात आहे का? त्या घरात रविवर्म्यांचं एक तैलचित्र आहे म्हणालीस. १९७२च्या कायद्यामुळे ते देशाबाहेर नेता येत नाही, हेही तूच सांगितलंस. उद्या घरमालकांचा परदेशातला मुलगा म्हणाला, "मी बॅगेतून नेतो, तुम्ही फक्त यादीतून काढा," तर नाही म्हणशील ना? घरचे लोक गोड बोलतील, जेवायला बसवतील. तरी नाही म्हण.

फार झालं माझं. तू शिकलेली आहेस, मी गाठी मोजणारा माणूस.

शनिवारी दादा पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर डबा, कळण्याचं पीठ आणि भरताची चार वांगी पाठवतो. पिशवीत तळाला माझं एक जुनं पावतीबुक आहे, कार्बनसकट, अर्धं कोरं. चालेल तर वापर, नाहीतर राहू दे.

पोचल्याचा फोन कर. आईला नको, मला कर.

तुझे,
आप्पा

ता.क. विमा कुणाच्या नावाने आहे, तेवढं फोनवर सांग.