जुनी वाढायची भांडी माळ्यावर आणि मोडीत नको, पंगतीत येऊ द्या

संपादक, स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत मध्यंतरी घरसजावटीवर एक लेख आला होता, त्यात जुन्या पितळी तपेल्यात मनी प्लांट लावा आणि ओगराळ्याला भोक पाडून त्याचा लॅम्प करा असं सुचवलं होतं, सोबत फोटोपण होते. फोटो छान होते, पण मला ते बघून खरंच वाईट वाटलं म्हणून हे पत्र. ओगराळं नवीन मुलांना माहीत नसेल तर सांगते, खोलगट वाटी आणि तिला उभा दांडा, आमटी कढी वाढायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, एका हातात पकडून वाकलं की पानातल्या वाटीत बरोब्बर धार पडते. एकदा त्याला वायरसाठी भोक पाडलं की ते कायमचं गेलं, परत त्यातनं कोणी काही वाढू शकत नाही.

मी गेली वीसेक वर्षं जुनी वाढायची भांडी जमवतेय, तसराळी म्हणजे पसरट वाडग्यासारखी भांडी, ओगराळी, काशाचे वाडगे, तुपाच्या वाट्या, लोणच्याची पाळी. काही सासरची काही माहेरची, आणि बरीचशी पुण्याच्या जुन्या बाजारातनं रविवारी-बुधवारी जाऊन आणलेली. तिथे पितळेच्या ढिगात हात घालायचा, एकेक भांडं उचलून बोटाच्या पेराने टिचकी मारायची, पितळ असेल तर ठक्क होऊन थांबतं आणि कासं असेल तर घंटेसारखं घुमत राहतं, कानाजवळ धरलं तर अजून ऐकू येतं. काशात साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथिल म्हणजे टिन असतं, म्हणून ते असं वाजतं आणि म्हणूनच हातातनं पडलं तर पोचा न येता तडकतं. चीर गेलेलं कासं बद्द वाजतं, ते घेऊ नये.

पण मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती भांड्यांवरच्या नावांची. पूर्वी रुखवतात, मुंजीत, बारशाला भांडं दिलं की त्यावर नाव घालून द्यायचे, बारीक छिन्नीने ठिपक्या ठिपक्यांची अक्षरं, कोणाकडून कोणाला आणि खाली तारीख. माझ्याकडे एक तसराळं आहे त्यावर फक्त "मामांकडून १७-५-५२" एवढंच आहे, कोण मामा कोणाची भाची काहीच माहीत नाही, मोडवाल्याकडनं वजनावर घेतलंय. ऐन मे महिना म्हणजे लग्नच असणार. कोणाच्या तरी मामाने रणरणत्या उन्हात दुकानाबाहेर बसलेल्या माणसाकडनं ते नाव घालून घेतलं असेल, आणि आज आमच्याकडे त्यात कोशिंबीर असते.

माझ्या आजीच्या तसराळ्याचं मात्र माझ्याच हातनं नुकसान झालं. सात-आठ वर्षांपूर्वी कल्हईला, म्हणजे आतनं कथिलाचा थर द्यायला टाकलं होतं, दुकानदार म्हणाला बाहेरनं पॉलिश पण करून देतो नव्यासारखं दिसेल, मी हो म्हणाले. मशीनवर बफिंग करून आणलं तेव्हा आरशासारखं चमकत होतं आणि आजीचं नाव गेलेलं. आता सकाळच्या तिरप्या उन्हात धरलं तर चार-पाच ठिपके अजून दिसतात, बस. म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगते, जुन्या भांड्याला बफिंग करू देऊ नका. बाहेरनं चिंच-मीठ नाहीतर पितांबरी, आतल्या कल्हईला साधा मऊ स्पंज, तारेची घासणी अजिबात नको.

आईच्या पिढीने ढिगाने पितळ मोडीत घालून स्टील आणलं, त्याबद्दल मी त्यांना कधीच दोष देणार नाही. रोजचं राख-चिंचेनं घासणं, ते वजन, कल्हईवाल्याची वाट बघणं हे सगळं बायकांच्याच वाट्याला होतं, स्टील आलं आणि त्यांचे हात सुटले. पण आता रोज नाही तर निदान सणावारी, चार माणसं जेवायला असतील तेव्हा दोन भांडी काढणं कोणालाही जमेल, आणि घासायला घरातल्या पुरुषांनी पण यावं. आमच्याकडे माझा मुलगा घासतो.

लोक घाबरतात ते पदार्थ कळकण्याला, आणि ती भीती खरी आहे. तांब्या-पितळेत आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो, चव बिघडते आणि पोटालाही वाईट. त्यासाठीच तर कल्हई. भट्टीवर भांडं तापवून नवसागर टाकतात, पांढरा धूर उठतो, मग कथिलाची कांडी टेकवली की वितळते आणि कापसाच्या बोळ्याने झर्रकन फिरवली की दोन मिनिटांत आतली बाजू चांदीसारखी. कथिल शुद्ध आहे ना हे विचारून घ्यायचं, त्यात शिसं मिसळलेलं असेल तर नको. आणि कथिल २३२ अंशाला वितळतं म्हणून कल्हईचं रिकामं भांडं गॅसवर ठेवून विसरायचं नाही. मी दिवाळीच्या आधी वर्षातनं एकदा कल्हई करून घेते. तरीपण अळूची आंबट भाजी, कढी त्यात वाढायची, रात्रभर ठेवायची नाही. काशाला कल्हई लागत नाही, पण आंबट साठवून ठेवणं तिथेही टाळते. चिनीमातीचे जुने रंगीत वाडगे आवडत असतील तर नीट बघून घ्या, चीर गेलेला किंवा आतला रंग खरवडलेला वाडगा फक्त शोभेला ठेवा, जुन्या रंगात आणि ग्लेझमध्ये शिसं असू शकतं.

ज्यांना वाटतं की स्वयंपाकघरातल्या भांड्यांत काय बघायचं, त्यांनी बाजीराव रोडजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय मुलांना घेऊन बघावं. काकासाहेब केळकरांनी आयुष्यभर दारोदार फिरून दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरातल्याच वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं आणि वीस हजारांच्या आसपासचा तो सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. मी तिथे गेले की काचेपलीकडची भांडी बघते आणि घरी आले की त्याच घाटाच्या भांड्यात वरण वाढते, हे भाग्य अजून आपल्या हातात आहे.

आता एक मागणी. कल्हई करणारी माणसं कमी होत चाललीत, कसब्यातल्या तांबट आळीत अजून ठोक्याचा आवाज येतो पण उपनगरातल्या माणसाने कुठे जायचं? फिरत्या कल्हईवाल्याला सोसायटीचा वॉचमन गेटवरनंच परत पाठवतो, भट्टीच्या धुराची तक्रार होते. महापालिकेने प्रत्येक भागात मंडईजवळ महिन्यातनं एक रविवार त्यांना हक्काची मोकळी जागा द्यावी आणि आपल्या पेपरने तो वार, ती जागा छापावी. लोक पिशव्या भरभरून भांडी आणतील याची मला खात्री आहे, माझ्या एकट्या बिल्डिंगमधल्या सहा घरांची भांडी या क्षणी माझ्या बाल्कनीत कल्हईची वाट बघत पडून आहेत.

आपली एक वाचक,
कोथरूड, पुणे