तबकडीवरचे नाव आणि तबकडीतले वादक

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील 'स्विंग' (म्हणजे मोठ्या बँडच्या नृत्यसंगीताच्या) काळातल्या जॅझ संगीतावर प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला इतकी जागा मिळाली याचा आनंद आहे, आणि लेखातील माहिती बऱ्याच अंशी बरोबरही आहे. मात्र बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, आर्टी शॉ आणि ग्लेन मिलर या पाच वाद्यवृंदप्रमुखांपलीकडे लेखात एकाही वादकाचे किंवा संगीत संयोजकाचे (कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते कागदावर बसवणाऱ्याचे) नाव नाही, हे फार खटकले. १९३५ ते १९४५ या दहा वर्षांतील ज्या तबकड्या आजही ऐकल्या जातात, त्यांचे श्रेय अशा रीतीने वाटले, तर ते संगीत झाले कसे हेच वाचकाला कळत नाही.

लेखात 'किंग पोर्टर स्टॉम्प' ही गुडमन यांची रचना म्हणून दिली आहे, तिचेच उदाहरण घेतो. मूळ रचना न्यू ऑर्लिन्सचे पियानोवादक जेली रोल मॉर्टन यांची. ती मोठ्या बँडच्या अंगाने वाजवून पाहिली फ्लेचर हेंडरसन यांनी. रसायनशास्त्राची पदवी घेऊन न्यूयॉर्कला आलेला हा कृष्णवर्णीय तरुण पुढे त्या शहरातील एका अव्वल वाद्यवृंदाचा प्रमुख झाला, आणि त्याने ही रचना १९२८, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ध्वनिमुद्रित केली. या तिन्ही तबकड्या ओळीने ऐकल्या, तर एकीकडे सॅक्सोफोन आणि दुसरीकडे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन यांची सवाल-जवाबासारखी चाललेली देवघेव दर वेळी अधिक नेटकी होत गेल्याचे जाणवते. व्यवहारात मात्र हेंडरसन कच्चे होते आणि १९३४ मध्ये त्यांचा बँड मोडला. नेमक्या त्याच सुमारास गुडमन यांना एनबीसी रेडिओवर शनिवारी रात्रीचा नृत्यसंगीताचा कार्यक्रम मिळाला. त्यासाठी सतत नवे काही वाजवायला हवे होते, म्हणून त्यांनी हेंडरसन यांच्याकडून संयोजने विकत घेतली. १ जुलै १९३५ रोजी व्हिक्टर कंपनीसाठी गुडमन यांच्या बँडने 'किंग पोर्टर' वाजवले, ते हेंडरसन यांच्याच कागदांवरून. आणि त्यातला अंगावर येणारा ट्रम्पेट बनी बेरिगन यांचा होता. पुढच्याच महिन्यात, २१ ऑगस्टला, लॉस एंजेलिसच्या पालोमार नृत्यगृहात तरुणांची झुंबड उडाली आणि तिथून स्विंगचे युग सुरू झाले, असे इतिहास सांगतो.

गुडमन यांच्याविषयी माझी तक्रार नाही. हेंडरसन यांचे ऋण त्यांनी कधी लपवले नाही, पुढे १९३९ मध्ये त्यांना आपल्या बँडमध्येही घेतले. शिवाय गोरे आणि कृष्णवर्णीय वादक एका मंचावर दिसू नयेत असा दंडक असलेल्या काळात टेडी विल्सन आणि लायनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय वादकांना शेजारी घेऊन ते वाजवत होते. दोष आहे तो तबकडीच्या लेबलवर जेवढे छापले तेवढेच खरे मानण्याच्या आपल्या सवयीत. व्हिक्टरच्या किंवा तिच्याच ब्लूबर्ड या स्वस्त मालिकेच्या लेबलवर रचनेचे नाव, त्याखाली 'फॉक्स ट्रॉट' असा नाचाचा प्रकार, मग 'अमुक अँड हिज ऑर्केस्ट्रा' आणि कंसात बारीक अक्षरात रचनाकार, एवढाच मजकूर असे. संयोजकाला तिथे सहसा स्थान नव्हते, चौदा-पंधरा वादकांना तर नव्हतेच. हा माल नाचण्यासाठी विकला जात होता आणि दुकानात खपत होते ते प्रमुखाचे नाव, त्यामुळे कंपन्यांच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. आपण ते आजही तसेच का पुढे चालवावे?

श्रेयाबरोबर पैशाचाही प्रश्न होताच. काउंट बेसी यांनी १९३६ मध्ये डेका कंपनीशी केलेला करार जॅझच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. चोवीस बाजू, म्हणजे बारा तबकड्या, आणि मोबदला एकूण ७५० डॉलर. रॉयल्टी एक छदामही नाही. त्यात 'वन ओ'क्लॉक जंप'ही आली. तिचे श्रेय बेसी यांच्या एकट्याच्या नावावर आहे, पण ती कोणी एकाने कागदावर लिहिलेली रचना नव्हे. बस्टर स्मिथ, एडी डरहॅम आणि मंडळींनी कॅन्सस सिटीच्या रात्री वाजवता वाजवता ती बांधली. बस्टर स्मिथ यांच्या वाट्याला त्यातून काहीच आले नाही.

याच कराराची एक गंमतही आहे. बेसी डेकाशी बांधले गेले आहेत हे कळल्यावर जॉन हॅमंड या धडपड्या संगीतप्रेमी निर्मात्याने त्याच वर्षी शिकागोत त्यांच्या बँडमधील मोजक्या मंडळींना ध्वनिमुद्रणासाठी बसवले. बेसी यांचे नाव वापरता येत नव्हते, म्हणून ट्रम्पेटवादक कार्ल स्मिथ आणि ड्रमर जो जोन्स यांची आडनावे जोडून लेबलवर 'जोन्स-स्मिथ इनकॉर्पोरेटेड' असे छापले. चार बाजू निघाल्या, दोनांत जिमी रशिंग गायले. या एकाच प्रसंगी प्रमुखाचे नाव गायब झाले आणि साथीदारांची नावे वर आली, तीही केवळ कायद्याच्या अडचणीमुळे! त्यातली 'लेडी बी गुड' जरूर ऐकावी. सुरुवातीला बेसी यांचा पियानो हलक्या हाताने गाण्याची ओळख करून देतो आणि मग टेनर सॅक्सोफोनवर लेस्टर यंग येतात. आवाजात कंप जवळजवळ नाही, सूर पातळ आणि कोरडा, तरी ओघ असा की एक वाक्य संपताना पुढचे आधीच सुरू झालेले असते. त्या वेळी टेनर म्हणजे कोलमन हॉकिन्स यांचा भरदार, घुमणारा आवाज असे समीकरण होते. २७ वर्षांचे यंग इथे पहिल्यांदाच ध्वनिमुद्रित होत होते आणि पुढच्या दोन पिढ्यांच्या सॅक्सोफोनवादकांनी ही बाजू अक्षरशः पाठ केली. मागे वॉल्टर पेज यांचा बेस आणि जोन्स यांची हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) एवढाच ठेका आहे, पण तो हवेवर चालतो.

हॉकिन्स यांचा विषय निघालाच आहे, तर ११ ऑक्टोबर १९३९ ची 'बॉडी अँड सोल' विसरता येत नाही. पाच वर्षे युरोपात काढून परतलेल्या हॉकिन्स यांनी मूळ चाल पहिल्या काही बारांपुरती (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) दाखवली आणि मग तबकडी संपेपर्यंत केवळ उपज केली. दहा इंची तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत आणि त्यात एरवी एकेका वादकाला आठ किंवा सोळा बार मिळाले तरी भाग्य समजले जाई. इथे एकाच माणसाने दोन पूर्ण आवर्तने घेतली आणि ती लोकांनी विकत घेऊन डोक्यावर घेतली. पण या बाजूच्या आरंभी पियानोवर चार बारांची जी सुरेख वाट करून दिली आहे ती जीन रॉजर्स यांची, हे किती जणांना ठाऊक आहे? बंदिशीआधीचा आलाप कानात ठसावा आणि गाणाऱ्याचे नावच माहीत नसावे, तसे ते आहे.

उरलेल्या तीन नावांविषयी थोडक्यात लिहितो. आर्टी शॉ यांना १९३८ मध्ये रातोरात कीर्ती देणारी 'बिगिन द बिगीन' कोल पोर्टर यांनी लिहिली होती, पण तिला सरळ चार मात्रांच्या चालीत बसवले जेरी ग्रे यांनी. ग्लेन मिलर यांच्या 'इन द मूड'वर रचनाकार म्हणून जो गार्लंड यांचे नाव आहे. त्यातला मुख्य तुकडा विंगी मनोन यांनी १९३० मध्येच वाजवला होता, आणि मधली सॅक्सोफोनची चढाओढ टेक्स बेनेकी आणि अल क्लिंक यांची. एलिंग्टन यांची गोष्ट थोडी वेगळी, कारण ते वादकांना ओळखूनच लिहीत. त्यांच्या बँडच्या कागदांवर 'पहिला ट्रम्पेट, दुसरा ट्रम्पेट' असे न लिहिता वादकांची नावेच लिहिलेली आढळतात. तरीही 'टेक द ए ट्रेन' ऐकून एलिंग्टन यांचीच वाहवा होते. ती बिली स्ट्रेहॉर्न यांची रचना आहे. १९४१ मध्ये रेडिओ कंपन्या आणि रचनाकारांची संस्था यांच्यातील भांडणामुळे एलिंग्टन यांच्या स्वतःच्या रचना रेडिओवर वाजवणे बंद झाले, तेव्हा तिला अचानक महत्त्व आले. त्यातला ट्रम्पेट रे नान्स यांचा. जॉनी हॉजेस यांच्या सॅक्सोफोनमधून निघालेल्या तुकड्यांवर एलिंग्टन यांनी गाणी बेतली, आणि तसे गाणे वाजताना हॉजेस मंचावरच एलिंग्टन यांच्याकडे बघून नोटा मोजल्यासारखी बोटे चोळत, असे सांगतात.

स्त्रियांची गणना तर याहून मागे. अँडी कर्क यांच्या बँडची बहुतेक संयोजने मेरी लू विल्यम्स या पियानोवादक बाईंची होती आणि गुडमन यांनीही त्यांच्याकडून लिहून घेतले. आपल्या लेखात त्या नाहीत. ड्रमर आणि बँडप्रमुख चिक वेब आणि त्यांचे संयोजक एडगर सॅम्पसनही नाहीत. सॅम्पसन यांनी लिहिलेल्या 'स्टॉम्पिन अॅट द सॅव्हॉय'च्या श्रेयात वेब यांच्याबरोबर गुडमन यांचेही नाव लागले, हे मुद्दाम नमूद करतो.

हे सारे दूरदेशीचे, जुने प्रकरण आहे, असे म्हणून सोडून देता येणार नाही. त्या तबकड्या ज्या लाखेपासून बनत ती बव्हंशी आपल्याकडून जात असे; महायुद्धात ती लष्कराच्या कामी लागली तेव्हा अमेरिकेत १९४२ मध्ये तबकड्यांच्या उत्पादनावर मोठी कात्री लागली. त्याहून जवळचा धागा मुंबईचा. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय बँड ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी ते संगीत तिथे ऐकले आणि आत्मसात केले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्र यांच्या बँडचा कणा झाले. 'अलबेला'तल्या ट्रम्पेटवर महाराष्ट्र डोलला, ट्रम्पेटवाला मात्र अनोळखीच राहिला. सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस या संयोजकांच्या बाबतीत तेच झाले. गोन्साल्विस यांचे नाव लोकांच्या तोंडी बसले, तेही शिष्याने, प्यारेलाल यांनी, १९७७ मध्ये एका विनोदी गाण्यात ते गुंफले म्हणून. बालगंधर्वांच्या पदांवर पानेच्या पाने लिहिणारे आपण थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी यांची आठवण निदान जाणकारांच्या बैठकीत तरी काढतो. जॅझविषयी लिहिताना तेवढीही तसदी घेतली जात नाही.

आता हे काम पूर्वीइतके अवघडही राहिलेले नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा येथील ग्रंथालयाने अमेरिकी कंपन्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची सूची सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवली आहे. त्यात अनेक तबकड्यांची तारीख, गाव आणि जिथे नोंद उपलब्ध आहे तिथे वादकांची नावेही मिळतात. मोबाइलवरील संगीताच्या अ‍ॅपवर विसंबून लिहू नये, ही माझी विनंती. तिथे १९३५ च्या ध्वनिमुद्रणापुढे अनेकदा पुनर्मुद्रणाचे अलीकडचे वर्ष असते. मूळ तबकडी आणि वीस वर्षांनी त्याच प्रमुखाने पुन्हा वाजवलेली स्टिरिओ आवृत्ती यांची सरमिसळ तर सर्रास होते. नव्याने ऐकू पाहणाऱ्याने खरखर असलेली आवृत्ती निवडावी, असा माझा सल्ला आहे. खरखर पुसून टाकण्याच्या भरात झांजेचा आणि ड्रमवर फिरणाऱ्या ब्रशचा आवाजही पुसला जातो, आणि मग जो जोन्स कशासाठी थोर होते ते कळायला मार्ग उरत नाही.

आपल्या पुरवणीकडे मागणे एवढेच की कोणत्याही जुन्या ध्वनिमुद्रणाचा उल्लेख करताना वर्ष, संयोजक आणि मुख्य एकल वादन करणारा वादक एवढी माहिती कंसात द्यावी. जागा एका ओळीची लागते. हाच नियम हिंदी-मराठी चित्रपटसंगीतावरील लेखांनाही लावता आला तर उत्तमच.

लेखासोबत छापलेल्या चार जणांच्या छायाचित्राखाली 'बेनी गुडमन व सहकारी' असे म्हटले आहे. पियानोवर टेडी विल्सन, व्हायब्राफोनवर लायनेल हॅम्प्टन आणि ड्रमवर जीन क्रुपा आहेत. पुढील रविवारी दुरुस्ती म्हणून ही तीन नावे छापावीत, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे