चाळणीची भोके कोणाच्या मापाची?

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कर्करोगावरील नव्या औषधांच्या चाचण्यांत अमेरिकेतील कृष्णवर्णीय रुग्ण इतके कमी का, अशी चर्चा निघाली की टस्कीगीचा दाखला येतोच. अलाबामातील त्या गावी १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचाराविना ठेवून नुसते न्याहाळले गेले. तेव्हा त्या समाजाला प्रयोगांची धास्ती वाटली तर नवल नाही. तरीही सारे खापर अविश्वासावर फोडणे मला पटत नाही. जो रुग्ण आपण होऊन दारापर्यंत येतो त्यालाही परत पाठवणारी एक अट अनेक चाचण्यांच्या नियमपत्रकात असते, आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणतीस वर्षे काढल्यामुळे तिच्याविषयी लिहिण्याचे धाडस करतो.

रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये किमान १५०० न्यूट्रोफिल हव्यात, अशी ती अट. केमोथेरपीने या पांढऱ्या पेशी घटतात आणि जंतुसंसर्ग जिवावर बेततो, म्हणून सावधगिरी योग्यच आहे. प्रश्न १५०० या आकड्याचा आहे. छापील अहवालात उजव्या रकान्यात ‘नॉर्मल’ म्हणून जो पल्ला दिसतो, तो आमच्याकडे यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेतून उतरवलेला असे. आकडा त्याखाली गेला की ठळक छापला जाई आणि रुग्ण कागद घेऊन धास्तावून खिडकीशी येई. पण तो पल्ला ठरवताना कोणाचे रक्त तपासले होते, हे मलाही कोणी कधी विचारले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही.

अमेरिकेत तो प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरून ठरला. पश्चिम आफ्रिकेत मूळ असलेल्या बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर ‘डफी’ नावाचे प्रथिन नसते. व्हायवॅक्स मलेरियाचा जंतू त्याच प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, म्हणून ते नसणे हे एक कवचच. अशा लोकांच्या रक्तात न्यूट्रोफिल मुळातच कमी फिरतात. बारा-तेराशे हा आकडा त्यांच्या प्रकृतीला धरून असतो आणि त्यामुळे त्यांना संसर्ग अधिक होत नाही. सुमारे दोन तृतीयांश आफ्रिकी अमेरिकन या गटात मोडतात. यांपैकी एखाद्याचा आकडा तेराशे आला, तर निरोगी रक्तगणना असूनही तो चाचणीबाहेर जातो. शिवाय पुढे डोस कमी करण्याचे किंवा लांबवण्याचे निर्णयही अशाच आकड्यांवर होतात.

मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात होतो. तेथील दर पाच रुग्णांत जवळपास एक कृष्णवर्णीय असतो. या रोगावरील औषधांच्या चाचण्यांत मात्र त्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपासच राहिले आहे. याला अनेक कारणे आहेत, रुग्णालयाचे अंतर आणि विमा ही त्यांतली मोठी; पण अट बदलायला फारसा पैसा लागत नाही, डफीची तपासणी करून गटानुसार मर्यादा ठरवली की झाले.

चाचण्यांत सर्व समाजगटांना सामावून घ्यावे यासाठी अमेरिकेत कायदे झाले नाहीत असे नाही. १९९३ चा कायदा सरकारी निधीवरील संशोधनापुरता होता. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने कंपन्यांनाही अंतिम टप्प्यातील चाचण्यांसाठी सहभागाचा आराखडा सादर करण्यास सांगितले. जून २०२४ मध्ये त्याचा मार्गदर्शक मसुदा निघाला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो अमेरिकी औषध प्रशासनाच्या संकेतस्थळावरून काढलाही गेला. पुढे न्यायालयीन आदेशानंतर तो परतला. अशा आराखड्यात किती रुग्ण घेणार हे लिहिले जाते, पण आलेले रुग्ण कोणत्या अटीवर गळाले हेही मांडले पाहिजे.

डफी ही आपल्याकडची मोठी अडचण नव्हे. पण ७ ऑगस्ट २०२४ च्या आदेशान्वये आपल्या औषध महानियंत्रकांनी अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व युरोपीय संघात मान्यता मिळालेल्या काही वर्गांतील औषधांना भारतातील चाचणीतून सूट देता येईल, असे ठरवले आहे. प्रचलित उपचारांपेक्षा लक्षणीय सरस औषधे त्यांत येतात, म्हणजे कर्करोगावरची अनेक येऊ शकतात. रुग्णाला औषध लवकर मिळावे यासाठी ही सूट मला मान्य आहे. मात्र ती देताना त्या परदेशी चाचणीत भारतीय वंशाचे रुग्ण किती होते आणि रक्ताच्या कोणत्या निकषावर किती जणांना नाकारले गेले, हे दोन आकडे महानियंत्रकांनी मान्यतेसोबतच प्रसिद्ध करावेत, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ, सोलापूर